आराखड्याचे तुकडे वाटून घेतात! ऑनलाइन टीमकडून आरोग्य कार्यक्रमाचं नियोजन कसं शिकवून घ्यावं?

भिंगरी

सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर वर्गाला मी 'कार्यक्रम नियोजन' शिकवते. वर्ग पूर्णपणे ऑनलाइन आहे. बहुतेक जण नोकरी सांभाळून शिकणारे: परिचारिका, दंतवैद्य, संस्थांमध्ये प्रकल्प बघणारे, थोडे सांख्यिकीवाले. सहा-सहा जणांच्या टीम करते आणि सत्रभरात प्रत्येक टीमने एका समस्येवर पूर्ण आराखडा लिहायचा: गरजांचा अभ्यास, उद्दिष्टं, उपक्रम, अंदाजपत्रक, मूल्यमापन.

हाती काय येतं? गरजांच्या अभ्यासात ठासून लिहिलेलं असतं की पाण्याचा स्रोतच दूषित आहे. उद्दिष्टं मात्र हात धुण्याबद्दल. उपक्रमांत भित्तिपत्रकं, आणि मूल्यमापनात 'किती भित्तिपत्रकं लावली'. प्रत्येक भाग सुटा वाचला तर बरा वाटतो, पण एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नसतो. कारण उघड आहे: पहिल्याच दिवशी भाग वाटून घेतात आणि शेवटच्या रात्री कुणीतरी एक जण सगळं एका फाइलीत चिकटवतो.

टीम बेस्ड लर्निंगबद्दल (पुढे टीबीएल) वाचते आहे. समोरासमोरच्या वर्गासाठी घडलेली ही पद्धत ऑनलाइन टिकते का? आणि नियोजनासारखा लांबलचक, लेखनावर उभा असलेला विषय तिच्यात बसतो का? शिकवणारे आणि शिकणारे, दोघांचंही ऐकायचं आहे.

काजवा

वाचतोय. आमच्याकडेही हेच दुखणं आहे.

सप्तर्षी

भिंगरीताई, दोष विद्यार्थ्यांचा नाही, कामाचा आहे. जे काम वाटून घेता येतं ते माणसं वाटून घेणारच, आणि लांब अहवाल हे वाटून घेण्यासाठी अगदी सोयीचं काम आहे. म्हणून टीबीएलमध्ये टीमला लांब लेखन देऊच नका असं स्पष्ट सांगितलं जातं. टीमला निर्णय द्यायचा. निर्णयाचे सहा तुकडे होत नाहीत.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. लॅरी मायकेलसन ओक्लाहोमा विद्यापीठात व्यवस्थापन शिकवत होते. १९७०च्या दशकाच्या अखेरीस त्यांचा वर्ग एकदम मोठा झाला आणि चर्चेतून शिकवणं कठीण झालं, त्यातून ही पद्धत निघाली. पुढे वैद्यकीय शिक्षणाने ती उचलली. क्रम असा: आधी घरी वाचन. मग छोटी वैयक्तिक चाचणी. लगेच तीच चाचणी टीमने मिळून सोडवायची. एखाद्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं धरलं गेलं असं टीमला वाटलं तर पुराव्यासह लेखी अपील करायचं. जिथे वर्ग अडखळला तेवढ्यावरच शिक्षकाने बोलायचं. आणि मग वेळेचा मोठा वाटा उपयोजनाच्या प्रश्नांना, म्हणजे शिकलेलं वापरून निर्णय घ्यायच्या प्रश्नांना.

उपयोजनाच्या प्रश्नाला चार अटी: समस्या महत्त्वाची असावी, सगळ्या टीमना तीच असावी, उत्तर म्हणून एकच ठोस निवड करावी लागावी, आणि सगळ्यांनी ती एकाच वेळी जाहीर करावी. तुमच्या सध्याच्या कामात यातली फक्त पहिली अट पाळली जाते आहे. प्रत्येक टीमचा विषय वेगळा असेल तर दुसऱ्या टीमचं सादरीकरण ऐकायला कुणाकडे काही कारणच उरत नाही.

उंबरठा

मी प्रत्यक्ष कार्यक्रम आखते, शिकवत नाही. सप्तर्षी, तुमचा मुद्दा कळला, पण मला हे काळजीचं वाटतं. नियोजन म्हणजे चार पर्यायांतून एक निवडणं नव्हे. खऱ्या कामात पर्याय कुणी लिहून देत नाही. आकडे अपुरे असतात, निधी देणाऱ्याच्या मनात काहीतरी आधीच ठरलेलं असतं, लोकांना तिसरंच हवं असतं. ती सगळी घालमेल काढून अ-ब-क-ड हातात दिलं तर विद्यार्थी परीक्षेत हुशार होतील आणि पहिल्याच नोकरीत गोंधळतील.

जुनाजाणता

उंबरठाशी सहमत. आराखडा लिहिता आला नाही तर काय उपयोग?

मृण्मयी_क

मी अशा वर्गात शिकले आहे, रात्रपाळ्या करत. उंबरठाताई, माझा अनुभव उलटा आहे. मोकळा आराखडा लिहायला होता तेव्हा आमच्यात एकदाही वाद झाला नाही. ज्याने त्याने आपला भाग लिहिला आणि दुसऱ्याने काय लिहिलं ते वाचलंही नाही. पुढच्या विषयात एकाच पर्यायावर बोट ठेवायला लावलं तेव्हा पहिल्यांदा खरी भांडणं झाली. घालमेल काय असते ते मला तिथे कळलं.

एक प्रसंग सांगते. टीमच्या चाचणीत प्रश्न होता की ओआरएसच्या (जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेच्या पाण्याच्या) कार्यक्रमात यांतलं आउटकम, म्हणजे कार्यक्रमामुळे लोकांत घडलेला बदल, कोणतं: प्रशिक्षण घेतलेल्या मातांची संख्या, ओआरएस बरोबर बनवून दाखवणाऱ्या मातांचं प्रमाण, मुलाला जुलाब झाले तेव्हा ते प्रत्यक्ष पाजणाऱ्या मातांचं प्रमाण, की पाच वर्षांखालील मुलांचे मृत्यू. पहिला आउटपुट, म्हणजे नुसतं केलेल्या कामाचं मोजमाप, यावर सगळे एकमत. चौथा दूरचा परिणाम, यावरही. पण दुसरा की तिसरा? आमच्यातली एक जण म्हणाली की कौशल्य येणं हेही आउटकमच, जवळच्या पल्ल्याचं. आम्ही तिसरा धरला, गुण मिळाले, तरी तिने अपील लिहायला लावलं: प्रश्नात 'कोणत्या पल्ल्याचं' हे लिहिलेलं नाही, म्हणून दुसरं उत्तरही ग्राह्य धरावं. ते मान्य झालं. त्या एका परिच्छेदासाठी आम्ही वाचन जितकं बारकाईने केलं तितकं आख्ख्या आराखड्यासाठी केलं नव्हतं.

सप्तर्षी

मृण्मयी, अगदी नेमकं. आणि त्या दुसऱ्या-तिसऱ्या पर्यायातल्या अंतराला खरा इतिहास आहे. बांगलादेशात ब्रॅक या संस्थेने १९८० ते १९९० या काळात घरोघरी जाऊन मातांना मीठ-गुळाचं पाणी करायला शिकवलं. तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. १ कोटी २० लाखांहून जास्त घरांपर्यंत त्यांचे कार्यकर्ते पोचले. शिकवणाऱ्यांचं वेतन नुसत्या भेटींवर ठरत नव्हतं. नंतर दुसरेच लोक जाऊन निवडक मातांना विचारत आणि मातांना किती आठवतं, किती नीट करता येतं यावर पैसे मिळत. एवढी चोख व्यवस्था करूनही सुरुवातीला असं दिसलं की मातांना सगळं पाठ आहे, पण मुलाला जुलाब झाले की फार थोड्या जणी ते पाजतात.

मी टीमना इथपर्यंतची हकीकत देतो आणि थांबतो. पुढच्या वर्षी एकाच गोष्टीवर जोर देता येणार आहे, कोणत्या? जास्त घरं गाठायची, तयार पुड्या द्यायच्या, कार्यकर्त्यांचाच या उपायावर विश्वास आहे का ते तपासायचं, की घरातल्या पुरुषांशी बोलायचं? चारही पर्यायांना बाजू आहे. उंबरठाताई, तुम्ही म्हणता ती घालमेल पर्यायांमुळे जात नाही. पर्यायांपैकी एक उघड बरोबर आणि तीन उघड चूक असतील तेव्हा ती जाते.

पारिजात

मग ब्रॅकने काय केलं ते तरी सांगा, उत्सुकता लागली!

सप्तर्षी

शोध घेतल्यावर दिसलं की कार्यकर्त्यांचाच त्या पाण्यावर पुरता भरवसा नव्हता, त्यांच्या स्वतःच्या घरी दुसरे उपाय चालत. मग त्यांना यामागचं शास्त्र नीट समजावलं, आणि पुरुषांनाही कार्यक्रमात ओढलं. म्हणजे एकच पर्याय बरोबर ठरला असं नाही. वर्गात ज्यांनी 'जास्त घरं' निवडलं त्यांच्याकडेही मुद्दा असतो: व्याप्ती वाढल्याशिवाय वापर वाढून किती जीव वाचणार? तो मुद्दा मी मोडीत काढत नाही.

अनुस्वार

तंत्राच्या बाजूने लिहितो, कारण मूळ प्रश्नात 'ऑनलाइन' आहे आणि त्यावर अजून कुणी बोललेलं नाही.

वैयक्तिक चाचणी सोपी आहे, कुठल्याही शिक्षण-प्रणालीत वेळ लावून घेता येते. टीमच्या चाचणीत समोरासमोर खरवडायची कार्डं वापरतात. बरोबर उत्तर सापडेपर्यंत खरवडत जायचं, जितकं जास्त खरवडाल तितके गुण कमी. ऑनलाइन हेच करायचं तर टीममधल्या एकाने प्रश्नसंच उघडायचा, स्क्रीन सगळ्यांना दाखवायची आणि 'उत्तर चुकलं तर पुन्हा प्रयत्न' ही सोय चालू ठेवायची. पहिल्या फटक्यात ४ गुण, दुसऱ्यात २, तिसऱ्यात १. महत्त्वाचं हे की बरोबर-चूक लगेच कळलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी निकाल लावलात तर चर्चेचा जीवच जातो.

एकाच वेळी जाहीर करण्याची अट मात्र ऑनलाइन जास्त चांगली पाळता येते. सगळ्या टीम आपलं अक्षर चॅटमध्ये टाइप करून ठेवतात आणि 'पाठवा' म्हटल्यावरच पाठवतात. किंवा मतदान घेऊन निकाल झाकून ठेवायचा.

ब्रेकआउट रूममध्ये (ऑनलाइन वर्गात टीमना दिलेल्या वेगळ्या खोल्यांत) शिक्षकाला एकदम सगळीकडे कान देता येत नाही, ही खरी अडचण आहे. त्यावर उपाय म्हणून प्रत्येक टीमला एकाच सामायिक कागदावर आपापली चौकट द्या. तिथे त्यांनी निवड आणि दोन ओळींचं कारण लिहायचं. कुणाची चौकट रिकामी आहे ते तुम्हाला बसल्या जागी दिसतं, तिथे आधी जायचं.

काजवा

आणि ज्यांची पाळी त्याच वेळी असते त्यांचं काय? आमच्याकडे सगळे एका वेळी सापडणं म्हणजे ग्रहणयोगच.

अनुस्वार

वेळ न जुळणाऱ्या वर्गांसाठी आठवड्यावर पसरवून करतात. वैयक्तिक चाचणी दोन दिवसांच्या खिडकीत. टीमच्या चाचणीपुरतं टीमने आपापसात वेळ ठरवून अर्धा-पाऊण तास भेटायचं, सहा जणांची वेळ जुळवणं आख्ख्या वर्गाच्या मानाने खूप सोपं असतं. उपयोजनाचं उत्तर ठरल्या तासापर्यंत टाकायचं. 'स्वतःचं टाकल्याशिवाय दुसऱ्याचं दिसणार नाही' ही सोय बऱ्याच प्रणालींत असते, ती चालू करा. नंतरचे दोन दिवस एका टीमने दुसऱ्या टीमच्या निवडीवर आक्षेप घ्यायचा. चर्चेचा वेग कमी होतो हे खरं, पण लेखी आक्षेप जास्त विचारपूर्वक येतात.

मृण्मयी_क

एक भर घालते. टीम सत्रभर तीच ठेवा. दर आठवड्याला नव्या लोकांसोबत बसवलं तर सगळे नुसते सभ्यपणे मान डोलावतात. वाद घालण्याइतकी ओळख व्हायला वेळ लागतो, ऑनलाइन तर जास्तच. आणि टीम शिक्षकाने पाडाव्यात. आमच्या वर्गात ओळखीपाळखीने झालेल्या एका टीममध्ये सगळेच डॉक्टर होते, त्यांना प्रत्येक समस्येवर दवाखानाच सुचत होता.

पारिजात

आता माझ्या आवडीचा विषय. प्राधान्यक्रम ठरवण्यासाठी हॅन्लन पद्धत शिकवत असाल तर ती टीबीएलसाठी नामी आहे. समस्येचा आकार, तिचं गांभीर्य आणि उपायाची परिणामकारकता, तिघांना ० ते १० गुण. मग आकार अधिक दुप्पट गांभीर्य, गुणिले परिणामकारकता.

काल्पनिक आकडे घेऊ. समस्या क: आकार ९, गांभीर्य ४, परिणामकारकता ३. (९ + ८) × ३ = ५१. समस्या ख: आकार ५, गांभीर्य ७, परिणामकारकता ८. (५ + १४) × ८ = १५२. जवळजवळ दुप्पट पसरलेली समस्या पार मागे पडली, कारण परिणामकारकता गुणाकारात बसली आहे. आता कुणी म्हणालं की क वरचा उपाय इतका काही कुचकामी नाही, ६ द्या, आणि ख वरचा उपाय अभ्यासांत जितका चालला तितका प्रत्यक्षात चालणार नाही, ५ च द्या. मग १०२ विरुद्ध ९५, क्रम उलटा! दोन टीम एकाच तक्त्यावरून दोन निष्कर्षांना पोचतात आणि मग 'तुम्ही ८ कशावरून दिले?' हा प्रश्न आपोआप उभा राहतो. विद्यार्थी पुराव्याकडे स्वतःच्या पायांनी जातात, तुम्हाला ढकलावं लागत नाही.

सूत्राआधी चाळणीही लावायची असते: औचित्य, अर्थकारण, स्वीकारार्हता, साधनं, कायदेशीरपणा. यातली स्वीकारार्हता बहुतेक टीम घाईत 'होय' करून टाकतात.

उंबरठा

पारिजात, तुमच्या शेवटच्या ओळीवरच माझा आक्षेप उभा आहे. लोकांना हे चालेल का, हे स्क्रीनवर बसलेल्या सहा जणांनी परस्पर ठरवायचं? लॉरेन्स ग्रीन यांनी १९७४मध्ये प्रिसीड ही आरोग्य कार्यक्रम आखायची चौकट मांडली (मार्शल क्रॉयटर यांच्यासोबत अंमलबजावणी आणि मूल्यमापनाचा प्रोसीड हा भाग १९९१मध्ये जोडला). त्या सगळ्या चौकटीचं म्हणणं असं की सुरुवात लोकांना आयुष्यात काय महत्त्वाचं वाटतं तिथून करा आणि मग मागे मागे येत कारणं शोधा. टीबीएलमध्ये समस्या शिक्षकच देतो. म्हणजे पहिली पायरी गाळलीच.

सप्तर्षी

हा आक्षेप मला मान्य आहे आणि त्यावर पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. एक करता येतं: माहिती हप्त्याहप्त्याने द्यायची. पहिल्या पाकिटात आजारांचे आकडे. टीमने निर्णय जाहीर केला की दुसरं पाकीट, त्यात वस्तीतल्या बैठकीचा वृत्तांत: तिथल्या बायकांच्या मते जुलाब ही नेहमीची गोष्ट, त्यांची खरी काळजी म्हणजे पाण्यासाठी लांब जाताना घरी एकटी राहणारी मुलं. आता निर्णय बदलता का? बदलत नसाल तर या बायकांना काय सांगाल? टीम स्वतःच्याच निर्णयाचं रक्षण करताना कसं बोलते ते ऐकण्यासारखं असतं.

उंबरठा

हे चांगलं आहे. वृत्तांत खऱ्या बैठकीचा असेल तर आणखी चांगलं. सारांश करून देऊ नका, माणसं बोलतात तसा तुटक, एकमेकांना छेद देणारा असू द्या.

जुनाजाणता

अवांतर: इतिहासच वापरायचा असेल तर देवीचं उच्चाटन घ्या. डिसेंबर १९६६, पूर्व नायजेरिया, अमेरिकी साथरोगतज्ज्ञ विल्यम फेगी यांच्याकडे सगळ्यांना पुरेल इतकी लसच नव्हती. रेडिओवरून मिशनऱ्यांकडे चौकशी करून रुग्ण कुठे आहेत ते शोधलं, नकाशावर मांडलं आणि फक्त त्या रुग्णांभोवती लस दिली. शोध आणि वेढा, हीच पुढे जगभरच्या मोहिमेची मुख्य नीती झाली. १९८०मध्ये जागतिक आरोग्य सभेने देवी संपल्याचं जाहीर केलं. टीमला नकाशा आणि लसीचा साठा द्या, निर्णय मागा.

पारिजात

उदाहरण सुंदर, पण शेवट सगळ्यांना माहीत असतो, त्यामुळे सगळे 'वेढा' निवडून मोकळे होतील. रोगाचं आणि देशाचं नाव काढून द्यावं लागेल. आणि प्रसार देवीइतका संथ नसेल, लक्षणांआधीच संसर्ग पसरत असेल, तर हीच निवड टिकते का, असा दुसरा प्रश्न लगेच जोडा. नाहीतर विद्यार्थी 'वेढा नेहमीच भारी' असं घेऊन जातील.

जुनाजाणता

हे पटलं.

काजवा

सहकाऱ्यांनी एकमेकांना गुण देण्याबद्दल कुणी लिहील का? आमच्याकडे सगळे सगळ्यांना पैकीच्या पैकी देतात. भाऊबीज असते नुसती.

सप्तर्षी

मायकेलसन यांच्या पद्धतीत सगळ्यांना सारखे गुण देताच येत नाहीत, फरक करावाच लागतो. मला ते ऑनलाइन टीमसाठी कठोर वाटतं. ज्याचं इंटरनेट तुटतं किंवा ज्याची ड्युटी बदलते त्याच्यावर पहिला घाव पडतो. मी सत्राच्या मध्यावर गुणांशिवाय फक्त दोन वाक्यं लिहून घेतो: या सदस्यामुळे टीमला काय मिळालं, आणि पुढे त्याच्याकडून काय हवं आहे. शेवटी गुण. मध्यावरची वाक्यं वाचून बरेच जण सुधारतात, गुणांची भीती घालावी लागत नाही.

मृण्मयी_क

मध्यावरच्या वाक्यांना माझाही पाठिंबा. मला कुणीतरी लिहिलं होतं, 'तू बरोबर असतेस पण शेवटी बोलतेस.' ते अजून उपयोगी पडतं.

जुनाजाणता

माझा प्रश्न अजून उभाच आहे. लिहायला कधी शिकणार?

सप्तर्षी

लेखन वैयक्तिक ठेवा. टीमने सत्रभरात निर्णय घ्यायचे: प्राधान्य, उद्दिष्ट, उपाय, निर्देशक. मग त्या निर्णयांवर आधारित छोटा आराखडा प्रत्येकाने स्वतंत्र लिहायचा, आणि टीमच्या एखाद्या निर्णयाशी असहमत असेल तर तो कारण देऊन बदलायची मुभा. धागा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच हातात राहिला की पाणी दूषित आणि उद्दिष्ट हात धुण्याचं, असं करणं अवघड जातं. तपासायचं काम वाढतं, हे आधीच सांगून ठेवतो.

भिंगरी

सगळ्यांचे मनापासून आभार, आणि वाद थांबवू नका. मी ठरवलंय: समस्या सगळ्या टीमना एकच, लेखन वैयक्तिक, माहिती दोन पाकिटांत. उद्दिष्टाच्या आठवड्याचा प्रश्न लगेच लिहून बघितला. कृपया फाडून काढा.

परिस्थिती काल्पनिक: सुमारे पाच हजार लोकवस्ती. पाच वर्षांखालील मुलांत जुलाबाचं प्रमाण जास्त. स्रोतापाशी पाणी ठीक, पण घरात साठवलेल्या पाण्यात विष्ठेचे जंतू सापडतात. बहुतेक मातांना ओआरएस माहीत आहे, थोड्याच वापरतात. आरोग्य केंद्रात जुलाबात ओआरएससोबत द्यायच्या झिंकच्या गोळ्यांचा साठा वारंवार संपतो. निधी एका वर्षाचा. पहिल्या वर्षाचं मुख्य उद्दिष्ट कोणतं?

अ) सुरक्षितपणे पाणी साठवणाऱ्या घरांचं प्रमाण ठरलेल्या पातळीपर्यंत नेणं. ब) जुलाब झालेल्या मुलांपैकी ओआरएस आणि झिंक दोन्ही मिळणाऱ्यांचं प्रमाण ठरलेल्या पातळीपर्यंत नेणं. क) जुलाबाने होणारे बालमृत्यू निम्म्यावर आणणं. ड) स्वच्छतेबाबत जनजागृती वाढवणं.

पारिजात

ड मोजताच येत नाही, त्यामुळे तो कुणीच निवडणार नाही, वाया जाईल. त्याऐवजी मोजता येईल असा हात धुण्याचा पर्याय द्या. क वर मात्र मजा आहे. पाच हजारांच्या वस्तीत वर्षाला जुलाबाने होणारे मृत्यू अगदी मोजकेच असणार. पुढच्या वर्षी ते निम्मे झाले तर कार्यक्रमामुळे की योगायोगाने, हे सांगताच येणार नाही. हे ज्या टीमच्या लक्षात येईल तिला बोलू द्या, स्वतः सांगू नका.

उंबरठा

ब मध्ये दोन गोष्टी एकत्र बांधल्या आहेत. झिंकचा साठाच नसेल तर मातेने ओआरएस पाजूनही आकडा हलणार नाही, आणि मूल्यमापनात दोष मातांवर जाईल. साठ्याची जबाबदारी कुणाची, हे पहिल्याच पाकिटात लिहा.

भिंगरी

ड बदलते, साठ्याचा मुद्दा घालते. ब मात्र मुद्दाम तसाच ठेवू का? एखादी टीम त्यावर अपील लिहील अशी आशा आहे.

मृण्मयी_क

ठेवा. फक्त उपयोजनाच्या प्रश्नावरही अपील करता येतं, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.